कुरवाळता कुरवाळता चावा

मांडीवर बसलेलं मांजर डोळे मिटून घुरघुरत असतं. आपण पाठीवरून हात फिरवत असतो. सगळं छान चाललेलं असताना ते एकाएकी वळतं, दोन्ही पंज्यांनी मनगट पकडतं आणि दात रोवतं. मग उडी मारून दोन हातांवर जाऊन बसतं आणि अंग चाटू लागतं. मांजर पाळणाऱ्या बहुतेक घरांनी हे पाहिलेलं असतं. त्यावरचं मतही ठरलेलं असतं: मांजराची जात बेइमान, त्याला कुत्र्यासारखी माया नाही.

या मताला पालघरच्या किनारपट्टीवर रोज छेद जातो. सफाळे-केळवे भागातल्या माकुणसारसारख्या गावात वाडीतल्या घरांना मांजरं असतातच. कुणी पडवीत, कुणी पेंढ्यावर, कुणी कौलांवर. भाताला उंदीर लागू नयेत म्हणून ती हवी असतात आणि मासे साफ करायला बसलं की न बोलावता हजर होतात. घरातल्या माणसांना ती सहसा चावत नाहीत. त्याच वेतातलं एखादं पिल्लू मुलांच्या हट्टापायी पालघरला किंवा बोईसरला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जातं. तिथे त्याला वेळेवर खाणं, मऊ गादी, भरपूर लाड मिळतात. आणि वर्षभरात तक्रार येते की मांजर अंगावर येतं, पाहुण्यांना ओरबाडतं, मुलांच्या पायांना चावतं.

आई तीच, रक्त तेच. जात बेइमान असती तर वाडीतलं भावंडही चावलं असतं. म्हणून कारण जातीत न शोधता घराच्या रचनेत, पिल्लू आणण्याच्या वेळेत, आपल्या हातांच्या सवयींत आणि कधी कधी मांजराच्या शरीरातल्या दुखण्यात शोधावं लागतं. बहुतेक वेळा ते सापडतं.

दोन हल्ले, मेंदूतल्या दोन वाटा

हल्ला म्हटला की मागे राग असणार, असं आपण धरून चालतो. मांजराच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे.

स्वित्झर्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी झुरिकमध्ये मांजरांच्या मेंदूत अगदी बारीक तारा बसवून सौम्य वीजप्रवाह सोडण्याचे प्रयोग केले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. भूक, झोप, शरीराचं तापमान, भीती यांचा कारभार तिथून चालतो. त्यातल्या ठरावीक जागी प्रवाह सोडला की शांत बसलेलं मांजर पाठीची कमान करायचं, अंगावरचे केस पिंजारायचं, फिस्कारायचं आणि समोर येईल त्यावर झेप घ्यायचं. प्रवाह थांबला की ते निवायचं. मेंदूच्या या भागावरच्या कामासाठी हेस यांना १९४९ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात वासमन आणि फ्लिन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हायपोथॅलॅमसचा मधला भाग चेतवला तर असा गोंगाटी हल्ला होतो. पण बाजूचा भाग चेतवला तर मांजर आवाज न करता, केस न फुगवता, दबकत उंदरापर्यंत जातं आणि त्याच्या मानेत दात रोवतं.

असे प्रयोग करायला आज सहजी परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये. पण त्या मांजरांनी जे सोसलं त्यातून एक पक्की माहिती हाती आली. भीती-संतापाचा हल्ला आणि शिकारीचा हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मांजराला समोरचं दूर हवं असतं, दुसऱ्यात जवळ हवं असतं. त्यामुळे दोन्हींवरचे उपायही उलट दिशांचे आहेत. म्हणून मांजर अंगावर आलं की आधी आठवून पाहा, त्याने आवाज केला होता का?

आवाज न करता पावलांवर झडप

दाराआड दडून बसलेलं पिल्लू आपण जवळून गेलो की घोट्यावर झडप घालतं. पांघरुणाखाली पाय हलला की उडी मारतं. फिस्कारणं नाही, गुरगुरणं नाही. ही शिकारीची तालीम असते. पिल्लाच्या लेखी हलणारी, छोटी, पळणारी वस्तू म्हणजे उंदीर, आणि आपली पावलं नेमकी तशी असतात.

मोकळ्यावर स्वतःच्या जिवावर जगणारं मांजर दिवसाला आठ-दहा लहान शिकारी करून पोट भरतं. त्यासाठी त्याला कितीतरी जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो, कारण बरेच डाव फसतात. माकुणसारच्या वाडीत हे सारं भाताच्या खाचरांत, बांधावर, गोठ्यात उरकतं. फ्लॅटमध्ये मात्र वाटीभर खाणं दोन मिनिटांत संपतं आणि दबा धरण्याची, झेप घेण्याची, पकडण्याची ओढ तशीच शिल्लक राहते. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे मांजराच्या मूळ शिकारीच्या वेळी, ती उसळून वर येते. पहाटे पाचला पायाचा अंगठा चावला जातो तो यामुळे.

त्यात एक चूक माणसं हौसेने करतात. पिल्लू लहान असताना बोटं नाचवून, हात उताणा करून त्याच्याशी झटापट खेळतात. दीड महिन्याच्या पिल्लाचे दात गुदगुल्यांसारखे वाटतात. तेच मांजर साडेतीन किलोचं झालं की त्याच खेळात रक्त निघतं. मांजराने खेळ बदललेला नसतो, दात वाढलेले असतात.

चाव्याचा जोर किती असावा हे पिल्लू भावंडांकडून आणि आईकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ मोडतो, आई पंजा मारते. हे शिक्षण पूर्ण व्हायच्या आत आपण पिल्लू उचलून आणतो. आमच्या भागात डोळे उघडले आणि चालायला लागलं की पिल्लू देऊन टाकायची रीत आहे, म्हणजे चार-पाच आठवड्यांचं असताना. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी पावणेसहा हजारांच्या आसपास पाळीव मांजरांच्या माहितीचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. पिल्लू निदान आठ आणि जमल्यास बारा आठवडे आईपाशी राहू द्यावं. याला एक पैसाही खर्च येत नाही, आणि माझ्या मते या लेखातला सर्वांत मोलाचा उपाय हाच.

याच काळाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत पिल्लाच्या मनात 'ओळखीचं' आणि 'परकं' यांची यादी तयार होते. या दिवसांत माणसांनी त्याला रोज थोडा वेळ हळुवार हाताळलं तर माणूस ओळखीच्यांच्या यादीत जातो. माळ्यावर जन्मलेल्या आणि माणसाचा हात न लागलेल्या पिल्लांना पुढे जन्मभर माणसाची धास्ती राहू शकते. म्हणजे पिल्लू आईपाशी राहावं, आणि तिथेच माणसाचा हातही लागावा.

पिल्लू आधीच लवकर आणलं असेल तर काय करायचं? हात हे खेळणं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाचा गोळा किंवा पीस बांधून खेळवायचं, म्हणजे दात आणि माणूस यांच्यात हातभर अंतर राहतं. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं पुरतात. शेवटी त्याला ते सावज पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, असा मांजराचा क्रम असतो. तो पुरा झाला की रात्रही शांत जाते. पायाला धरलंच तर पाय हिसकायचा नाही. पळणारं सावज आणखी घट्ट धरलं जातं. थिजून उभं राहायचं, पकड सैल झाली की निघून जायचं. खेळ संपला हीच शिक्षा त्याला कळते.

फिस्कारणं म्हणजे लढाई टाळायची खटपट

आता गोंगाटी हल्ल्याकडे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराची वंशज आहेत. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या एका मांजराचे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे सोबत तितकी जुनी आहे. पण तो पूर्वज एकट्याने शिकार करणारा प्राणी होता आणि मांजराच्या वागण्याचं मूळ तिथे आहे. कळपातल्या लांडग्याला जखम झाली तर कळपाच्या शिकारीवर त्याचं चार दिवस भागू शकतं. एकट्या रानमांजराच्या पंजाला जखम झाली तर त्याची उपासमार ठरलेली. त्यामुळे प्रत्यक्ष मारामारी होता होईल तो टाळणं यातच त्याचा जीव वाचतो.

म्हणून मांजराकडे धाक दाखवण्याची एवढी मोठी सामग्री आहे. केस फुगवून मोठं दिसणं, आडवं उभं राहणं, फिस्कारणं, गुरगुरणं, एकटक बघणं. या सगळ्याचा अर्थ एकच: लांब राहा. जर्मन प्राणिअभ्यासक पाउल लायहाउझेन यांनी मांजराच्या चेहऱ्याची आणि अंगविक्षेपांची पायरीपायरीने बदलत जाणारी चित्रं तयार केली. त्यांत भीती आणि हल्ल्याची तयारी एकमेकांत कशा मिसळतात ते दिसतं. कान ताठ उभे आणि किंचित मागच्या बाजूला वळलेले असतील तर मांजर चाल करून येण्याच्या बेतात असतं. कान डोक्याला चिकटून सपाट, डोळ्यांची बाहुली मोठी, अंग आकसलेलं असेल तर ते घाबरलेलं असतं. दुसरं मांजर जास्त ओरबाडतं, कारण त्याला कोपऱ्यातून बाहेर पडायची वाट दिसत नाही.

माकुणसार आणि बोईसर यांच्यातला फरक इथे उघड होतो. वाडीतल्या मांजराला कुणी नकोसं झालं की ते उठून जातं. कौलांवर चढतं, आंब्यावर चढतं, कुंपणातून पलीकडे जातं. हवं तेव्हा हवं तितकं अंतर त्याला मिळतं, मग चावायचं कशाला? चारशे-पाचशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये चार माणसं, टीव्ही, सुट्टीत आलेली भाचरं आणि बंद दार. तिथे अंतर मिळवायचा एकच मार्ग त्याच्यापाशी उरतो. तो एकदा लागू पडला, म्हणजे पंजा मारला आणि हात मागे गेला, की मांजर तेच शिकतं. पुढच्या वेळी ते फिस्कारण्यातही वेळ घालवत नाही.

मग फ्लॅटमध्ये अंतर निर्माण कसं करायचं? उंचीवर. मांजराच्या दृष्टीने जमिनीपासून पाच फूट वर असणं म्हणजे लांब असणं. कपाटाची वरची बाजू मोकळी ठेवा, भिंतीला एक-दोन फळ्या लावा, खिडकीजवळ चढायला स्टूल ठेवा. पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही बाजूंनी उघडं करून कोपऱ्यात ठेवा आणि घरात एक कायदा करा: खोक्यातल्या किंवा कपाटावरच्या मांजराला कुणीही ओढून काढायचं नाही. पाहुण्यांनाही हा कायदा सांगा. मांजरं दोन असतील तर खाण्याच्या वाट्या वेगळ्या आणि एकमेकांना न दिसणाऱ्या जागी ठेवा. वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा आणि ते एकाच कोपऱ्यात रांगेने मांडू नका. नाहीतर एक मांजर वाट अडवून बसतं आणि दुसऱ्याला कोंडी होते.

लाडाला मर्यादा असते

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. घुरघुरणारं मांजर का चावतं?

हात फिरवणं काही वेळ सुखाचं असतं. त्यानंतर तोच स्पर्श त्वचेला नकोसा होऊ लागतो. हा बिंदू प्रत्येक मांजराचा वेगळा असतो. काहींचा तीन वेळा हात फिरवल्यावर येतो, काहींचा अर्ध्या तासाने. आणि घुरघुर म्हणजे नेहमी आनंद असंही नाही. दुखत असलेलं, घाबरलेलं मांजरसुद्धा घुरघुरतं. त्यामुळे कान घुरघुरीकडे ठेवून बसलो तर बाकीच्या खुणा सुटतात.

त्या खुणा बहुतेक वेळा असतातच. शेपटीचं टोक फटके मारू लागतं. पाठीवरची कातडी लाटेसारखी थरथरते. अंग ताठ होतं. कान बाजूला वळतात. मान हाताच्या दिशेने किंचित फिरते. घुरघुर थांबते. टीव्हीकडे बघत हात फिरवणाऱ्या माणसाला यातलं काही दिसत नाही आणि चावा त्याला अचानक वाटतो. मांजराचं मात्र चार-पाच वेळा सांगून झालेलं असतं.

कुठे हात लावतो यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, शेपटीच्या मुळाशी हात लावल्यावर मांजरांनी सर्वांत जास्त नापसंती दाखवली. गाल, हनुवटीखाली, कान आणि डोळा यांच्यामधली जागा इथलं खाजवणं बहुतेकांना आवडतं. तिथे गंधग्रंथी असतात आणि मांजर स्वतःहून तोच भाग आपल्या पायाला घासत असतं. पोट मात्र वेगळं प्रकरण आहे. उताणं झालेलं मांजर विश्वास दाखवत असतं, पोटाला हात लावायचं आमंत्रण देत नसतं. पोटात नाजूक अवयव असतात, तिथे हात गेला की चारही पाय आपोआप आवळले जातात.

करून बघण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. तीन-चार वेळा हात फिरवा आणि थांबा, हात मांडीवर ठेवा. मांजराने डोकं हाताला घासलं तर पुढे चला. ते नुसतंच बसून राहिलं तर त्याला पुरे झालंय. लहान मुलांना हे खेळासारखं शिकवता येतं आणि मुलं ते मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

भलत्यावरचा राग

सर्वांत कोड्यात टाकणारा प्रकार हा. मांजर खिडकीत बसून बाहेर बघत असतं. आपण स्वयंपाकघरातून येतो, काहीच केलेलं नसतं आणि ते किंचाळत पायावर तुटून पडतं. कधी मालकिणीवर, कधी वर्षानुवर्षं एकत्र झोपणाऱ्या दुसऱ्या मांजरावर.

खाली बघितलं तर सोसायटीच्या भिंतीवर परका बोका बसलेला दिसतो. घरातल्या मांजराला तो दिसला, त्याचा वास आला, पण काचेमुळे त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अंगात लढाईची पूर्ण तयारी झालेली असते आणि पहिली हलणारी गोष्ट म्हणून आपण मध्ये येतो. दिवाळीतले फटाके, हातातून पडलेलं पातेलं, बाहेर भुंकणारा कुत्रा यांनीही हेच होतं.

लोकांना आश्चर्य वाटतं ते याचं की बोका निघून गेल्यावरही मांजर कित्येक तास तसंच राहतं. खाडीची भरती आठवा. उधाणाचं पाणी खाजणात बघता बघता चढतं, पण समुद्र मागे सरला तरी आत शिरलेलं पाणी उतरायला वेळ घेतं. मांजराच्या रक्तात उसळलेली संप्रेरकं, म्हणजे शरीराला लढाईसाठी तयार करणारी रसायनं, तशीच सावकाश ओसरतात. काही तास लागतात, कधी दिवसही जातो. या वेळात समजूत घालायला, उचलून घ्यायला गेलेल्या माणसालाच सर्वांत वाईट जखमा होतात.

अशा वेळी मांजराला हात न लावता खोलीतून बाहेर पडा आणि दार ओढून घ्या. आत पाणी आणि वाळूचा ट्रे राहील असं बघा, दिवे मालवा. वेगळं करणं भागच असेल तर जाड चादर किंवा मोठा पुठ्ठा मध्ये धरून सरकवा. मांजर खाऊ लागलं, आळस देऊ लागलं की ते निवळलं असं समजा. पुढच्यासाठी खिडकीचा खालचा भाग अपारदर्शक कागदाने झाका आणि खाली परक्या मांजरांना खाणं टाकलं जात असेल तर ती जागा खिडकीपासून दूर न्या.

असंच काहीसं दवाखान्यातून परतल्यावर होतं. दोन मांजरांपैकी एक डॉक्टरकडे जाऊन आलं की घरातलं दुसरं त्याच्यावर फिस्कारतं, जणू ओळखच नाही. खरोखर ओळख पटत नाही. मांजर सोबत्याला वासाने ओळखतं आणि त्या अंगाला आता स्पिरिट, औषधं आणि भीतीचा वास असतो. एकाला दुसऱ्या खोलीत ठेवा, दोघांची अंथरुणं अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला द्या. घाई करून समोरासमोर आणलं आणि एकदा मोठी मारामारी झाली तर ती आठवण पुसायला महिने लागू शकतात.

बोके, बाळंतिणी आणि ऑपरेशन

रात्री कौलांवर चालणारा बोक्यांचा आरडाओरडा गावात सगळ्यांच्या ओळखीचा. माजावर आलेल्या मांजरीसाठी आणि हद्दीसाठी बोके भांडतात. फाटलेले कान आणि गालावरचे फोड ही त्याची खूण. सुईसारख्या दातांनी कातडीखाली जंतू सोडले जातात, वरचं भोक मिटतं आणि आत पू साचतो. मांजरांच्या प्रतिकारशक्तीवर घाला घालणारा एक विषाणूही अशाच चाव्यांतून पसरतो. तो माणसाला होत नाही.

वृषणं काढण्याच्या ऑपरेशनने दहापैकी आठ-नऊ बोक्यांचं भांडणं, भटकणं आणि भिंतींवर उग्र मूत्राच्या चिळकांड्या उडवणं खूप कमी होतं. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते, म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत ऑपरेशन उरकणं शहाणपणाचं. पुण्य-पापाच्या विचाराने अनेक घरं हे टाळतात. मी त्यांना दर वेताला जन्मणारी आणि रस्त्यावर, रेल्वेमार्गावर, कुत्र्यांच्या तोंडी मरणारी पिल्लं मोजायला सांगेन.

व्यालेली मांजरी अंगावर आली तर तिचा दोष नाही. पहिले काही आठवडे तिच्या जागेपासून मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवावं. ती पिल्लं तोंडात धरून घरं बदलते तेही धोका वाटतो म्हणूनच.

शांत मांजर एकाएकी बदललं तर

सात-आठ वर्षं साधं राहिलेलं मांजर अचानक चावू लागलं तर स्वभाव बिघडला असं समजू नका. त्याला बहुधा काहीतरी दुखतंय. किडलेले दात, सांधेदुखी, कानातला संसर्ग, लघवीची अडचण, कातडीखालचं गळू. म्हाताऱ्या मांजरात गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी चिडचिड वाढते. मांजर दुखणं लपवतं. एकट्या प्राण्याने दुबळं दिसणं धोक्याचं असतं, म्हणून लागलेली ही सवय तशीच टिकून आहे. उडी मारायचं टाळणं, खाताना मान वाकडी करणं, अंग चाटणं सोडून केस गुंतणं, या खुणा बघा. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन ताणतोय आणि लघवी होत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर दोन-तीन दिवसांत जीव जातो.

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नका. ती पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते आणि एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी उभे राहिले. मांजर घेऊन तिथे जायला लोकांना संकोच वाटतो. तो सोडावा. तपासणी करून शरीराचं कारण नाही असं ठरलं तर आणि तरच वागण्याचा विचार करायचा. काही मांजरांना चिंता कमी करणारी औषधंही लागतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

मारण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. झाडूचा फटका, पाण्याचा फवारा, मानेला धरून आपटणं यांतून मांजर एवढंच शिकतं की हा माणूस धोक्याचा आहे. भीतीने होणाऱ्या हल्ल्यावर भीती वाढवणं हा उपाय असू शकत नाही. ज्या घरात मांजराला मारलं जातं त्या घरातलं मांजर जास्त चावतं.

चौकट: चावलं किंवा ओरबाडलं तर

• जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन लावा.

• हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही भरू नका. जखम घट्ट बांधू नका.

• त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. दंडात देत असतील तर १४ व्या दिवशी आणखी एक डोस. एकही चुकवू नका.

• रक्त आलं असेल तर जखमेत देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही.

• मांजराचे दात बारीक आणि खोल जातात. हात सुजला, लाल झाला, ठणकू लागला तर लस घेतलेली असली तरी लगेच पुन्हा डॉक्टरकडे जा. बोटांच्या सांध्यावरचा चावा विशेष जपा.

• कारण नसताना झेपावणारं, लाळ गाळणारं, आवाज बदललेलं, झोकांड्या खाणारं मांजर हाताने पकडू नका.

चावलेलं मांजर कुठेही सोडू नका

गावाकडे आणि शहरातही एक जुना इलाज चालतो. चावणारं मांजर पोत्यात घालायचं आणि बाजारात, खाडीपलीकडे किंवा पुढच्या स्टेशनवर नेऊन सोडायचं. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरायला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी या इलाजात घरच्यांचंच मोठं नुकसान आहे.

चावणारं मांजर रेबीजग्रस्त होतं की नाही हे ठरवण्याचा घरच्या घरी होणारा एकच मार्ग आहे: त्याला १० दिवस नजरेसमोर ठेवणं. चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असता तर या मुदतीत ते आजारी पडून मेलं असतं. १० दिवसांनंतर ते नेहमीसारखं खात-पीत असेल तर त्या चाव्यातून रेबीजची भीती राहत नाही आणि डॉक्टर उरलेल्या लशींबद्दल त्यावरून ठरवू शकतात. लस मात्र वाट न पाहता पहिल्याच दिवशी सुरू करायची. मांजर पोत्यातून सोडून दिलं की ही खात्री कायमची हातची जाते, आणि रेबीजची लक्षणं माणसात दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही.

तेव्हा मांजराला एका खोलीत ठेवा, खायला-प्यायला द्या आणि १० दिवस पाहा. त्या दिवसांत आठवून लिहून काढा: चावण्याआधी काय घडलं होतं, खिडकीत कोण होतं, हात कुठे होता, त्याने फिस्कारलं होतं का. तो कागद घेऊन पशुवैद्याकडे जा. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची पहिली लस द्या, मग डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस दरवर्षी चालू ठेवा. वाडीतल्या मांजरालाही.